मदत हवी आहे : संकटातून चांगला नेता घडतो, तो नेमका कशामुळे?

नव्याने गटप्रमुख झालेल्या सहकाऱ्यांसाठी मी एक व्याख्यान तयार करत असून त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, पोलिओचे निदान झाले आणि त्यांचे पाय कायमचे अधू झाले. या आजारपणानंतर त्यांच्या स्वभावात धीर आणि इतरांच्या दुःखाची जाण वाढली, असे त्यांच्या निकटच्या अनेकांनी नोंदवले आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध लढलेले नेते नेल्सन मंडेला यांनी २७ वर्षांच्या कारावासात पहारेकऱ्यांची आफ्रिकान्स भाषा आणि त्यांचा इतिहास अभ्यासला, ज्याचा उपयोग त्यांना पुढे तेथील गोऱ्या सरकारशी झालेल्या वाटाघाटींत झाला.

मात्र तशाच यातना भोगलेली काही माणसे कडवट आणि संशयी होतात, किंवा ‘मी सोसले, तुम्हीही सोसा’ असे म्हणून हाताखालच्यांना अधिकच जाचतात, आणि मला ही बाजू टाळायची नाही. हा फरक कशाने पडतो? सोबतच्या माणसांच्या आधाराने, चिंतनाला मिळालेल्या सवडीने, की मूळ स्वभावाने? मला आधार निर्णायक वाटतो, पण माझे मत अद्याप पक्के नाही. आपण स्वतः संघाचे नेतृत्व केले असल्यास, कठीण काळानंतर आपल्या निर्णयपद्धतीत नेमका कोणता बदल झाला, हे कृपया सविस्तर लिहावे.