लोकशाही, प्रजासत्ताक, खोती, खोतशाही: नेमका फरक काय?

दापोलीहून प्रश्न

मुलगी आठवीत आहे. २६ जानेवारीच्या भाषणाची तयारी करताना तिने विचारलं, लोकशाही आणि प्रजासत्ताक एकच ना? पुस्तकातल्या उद्देशिकेत तर 'लोकशाही गणराज्य' छापलंय. त्यात आमचे मामा म्हणाले, "खोतशाही गेली तेव्हा आमच्याकडे खरं स्वराज्य आलं." मग 'खोती' आणि 'खोतशाही' यांतही काही फरक आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

राजापूरहून उत्तर

ताई, मुलीची शंका रास्त आहे. बातम्या वाचणारेही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

कारभार लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हाती असेल तर ती लोकशाही. देशाचं सर्वोच्च पद वंशपरंपरेने कुणाच्या घराण्यात जात नसेल तर ते प्रजासत्ताक. इंग्लंड आणि जपानमध्ये निवडणुका होतात, मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असतं, पण गादीवर राजा किंवा सम्राट आहे. तिथे लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. चीनच्या अधिकृत नावात प्रजासत्ताक आहे, बादशहाही केव्हाच गेला, पण सत्ता एकाच पक्षाकडे आहे. नेपाळमध्ये १९९० साली बहुपक्षीय लोकशाही आली तरी राजा होता. २००८ साली राजेशाही संपली, तेव्हा ते प्रजासत्ताक झालं.

मुलीला आपल्याच देशाचं उदाहरण द्या. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो, पण राष्ट्रप्रमुख म्हणून नाव इंग्लंडच्या राजाचंच होतं आणि त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहत. २६ जानेवारी १९५० ला संविधान अमलात आलं आणि त्या जागी राष्ट्रपती आले. दोन दिवस वेगळे का पाळतो, ते यावरून तिला चटकन कळेल.

'गणराज्य' आणि 'प्रजासत्ताक' यांचा अर्थ एकच. मला 'प्रजासत्ताक' जास्त आवडतो. प्रजा असते ती राजाची. काल जी प्रजा होती तिच्याच हाती आज सत्ता आहे, हा सगळा इतिहास त्या एका शब्दात आहे.

आता 'शाही'. मूळ फारसी 'शाह'. निजामशाही, आदिलशाही ही राजघराण्यांची नावं, चौल-दाभोळच्या लोकांना चांगलीच परिचयाची. पुढे 'शाही' म्हणजे राज्य करण्याची रीत असा अर्थ झाला आणि सरंजामशाही, हुकूमशाही, नोकरशाही असे शब्द आले. दडपशाही, झुंडशाही, घराणेशाही यांत तर उघड निषेधच आहे.

खोतशाही याच रांगेतली. 'खोती' मात्र हक्काचं नाव, पाटीलकी किंवा देशमुखीसारखं. गावचा शेतसारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा, हा खोताचा हक्क. तो वारसाने मिळायचा, भाऊबंदांत वाटला जायचा, विकताही यायचा. पीक उभं असताना खोताचा माणूस शेतात येऊन अंदाज बांधी, त्याला अभावणी म्हणत. त्याने आकडा सांगितला की त्यावर खोताचा वाटा ठरे, कुठे अर्धेल म्हणजे निम्मा, कुठे तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. शिवाय वेठ, म्हणजे फुकटची राबणूक, वेगळी. कागदोपत्री हे सगळं 'खोती'. राबणाऱ्या कुळाच्या तोंडी ती 'खोतशाही' झाली. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून सहा वर्षं संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मामांनी बरोबर शब्द वापरलाय. त्यांचं वाक्य मुलीने भाषणात जरूर घ्यावं.

मालवणहून

आमच्याकडे खोतापेक्षा गावऱ्हाटीचा, म्हणजे देवाच्या नावाने चालणाऱ्या गावच्या परंपरागत व्यवस्थेचा, दबदबा मोठा. वंशपरंपरेचे बारापाच मानकरी, देवाचा कौल. आचऱ्याचा रामेश्वर तर 'इनामदार श्री देव रामेश्वर'. त्याचा कौल झाला की गावपळण, अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर. गाऱ्हाण्यातही देवाला 'म्हाराजा'च म्हणतात, आणि सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मग ही कुठली शाही? धर्मसत्ता म्हणायची का?

राजापूरहून

दादा, धर्मसत्ता म्हणू नये असं मला वाटतं. धर्मसत्तेत कायदा करणं आणि शिक्षा देणं धर्मपीठाकडे असतं. गावऱ्हाटीत मानकऱ्याला असतो तो मान, आणि मान व सत्ता यांत भेद केलाच पाहिजे. मान घराण्यात चालतो, सरपंचपद मतपेटीतून येतं. पाण्याची योजना, घरपट्टी, पाखाडीची (पायऱ्यांच्या वाटेची) दुरुस्ती याबद्दल बोलायचं तर ग्रामसभेत उभं राहावं लागतं, आणि तिथे मानकऱ्याचं मत एकच, कुळाचंही एकच. मान कधीकधी सत्तेवर दाब आणतो, हे खरं. पण त्याला दाबच म्हणावं.

तुमच्या 'गाऱ्हाणं' शब्दावरून मात्र एक सुचलं. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, मालवणीत देवापुढचं सामुदायिक साकडं. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: गाऱ्हाणं त्याच्यापुढेच घालतात, ज्याच्या हाती काही करणं असतं. राजेशाहीत ते दरबारात नेतात, हुकूमशाहीत ते तोंडावर आणायची चोरी असते, लोकशाहीत निवडून दिलेल्याला ते ऐकावंच लागतं.

दापोलीहून

फार उपयोग झाला. एवढंच विचारते, मूठभर लोकांच्या हातातल्या सत्तेला काय म्हणावं? मुलीने यादी केलीय, त्यात तेवढं राहिलंय.

राजापूरहून

पुस्तकी शब्द अल्पजनसत्ता. तिला बारभाईही सांगा, नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर नाना फडणीस, सखारामबापू वगैरेंनी मिळून कारभार हाती घेतला ते. आज मात्र 'बारभाईचा कारभार' म्हणजे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसलेला कारभार, म्हणून यादीत अल्पजनसत्ताच लिहावं.