मदत हवी आहे: व्हिएतनामचे राष्ट्रगीतकार वान काव

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात 'राष्ट्रगीतं लिहिणारी माणसं' असा छोटा कार्यक्रम आहे. माझ्या वाट्याला वान काव आलेत (१९२३–१९९५). जन्म हायफाँगचा, कवी, चित्रकार आणि संगीतकारही. १९४४ मध्ये हनोईत, दुष्काळ आणि जपानी फौजा अशा काळात, व्हिएत मिन्ह या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कम्युनिस्टप्रणीत आघाडीच्या सांगण्यावरून त्यांनी 'तिएन क्वान का' हे संचलनगीत रचलं. पुढे तेच राष्ट्रगीत झालं. चाल आणि शब्द दोन्ही त्यांचेच, वय जेमतेम एकवीस!

खरी गंमत (की विटंबना?) पुढे आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेखनस्वातंत्र्य मागणाऱ्या न्यान वान–ज्याय फाम चळवळीशी नाव जोडलं गेलं आणि त्यांची बाकीची गाणी व्हिएतनामच्या उत्तर भागात जवळपास तीस वर्षं गप्प केली गेली. राष्ट्रगीत मात्र शाळाशाळांतून सुरूच! १९८१ मध्ये नव्या राष्ट्रगीतासाठी स्पर्धाही घेतली, पण जुनंच टिकलं. मला याच भागावर बोलायचंय, बाकी चरित्र दोन मिनिटांत उरकेन.

तर, 'थिएन थाय' आणि 'मुआ सुआन दाउ तिएन' या त्यांच्या गाण्यांचा मराठी किंवा हिंदी अर्थ कुणाकडे आहे का? इंग्रजी भाषांतरं सापडली, पण फारच कोरडी वाटली. हनोई किंवा सायगावला राहणारं कुणी असेल तर नावांचे उच्चार व्हॉइस नोटवर पाठवाल का? वरचे मी अंदाजानेच लिहिलेत. जुनं ध्वनिमुद्रण कुठे ऐकता येईल तेही सांगा. कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे, त्यामुळे जरा घाई आहे.