तिसऱ्यांच्या शिंपल्यात मँगनीजच्या सहा रेषा दिसत नाहीत

प्रश्न (रत्नागिरी): कालवं आणि तिसऱ्या, दोन्हींच्या शिंपल्यांची पूड करून ईपीआर (चुंबकीय क्षेत्रात जोडीविना असलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरी कुठे शोषतात ते पाहणारी चाचणी) घेतला, ९.४ गिगाहर्ट्झला. कालवांत मँगनीजच्या सहा रेषा स्वच्छ आल्या. तिसऱ्यांत नुसता विस्कटलेला पट्टा, १५६ मिलीटेस्ला चुंबकीय क्षेत्राला एक रेषा आणि सगळ्याखाली रुंद उंचवटा. तिसऱ्यांत मँगनीज कमी आहे असं समजायचं का?

स्फटिकमित्र: एवढ्यावरून नाही. कालवाचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं, तिसरीचं अ‍ॅरागोनाइटचं; दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, स्फटिकरचना वेगळी. कॅल्साइटमध्ये कॅल्शियमभोवती ६ ऑक्सिजन असतात, अ‍ॅरागोनाइटमध्ये ९, आणि तिथली सममिती कमी. त्या जागी बसलेल्या मँगनीजचं शून्यक्षेत्र विभाजन (चुंबकीय क्षेत्र नसतानाही ऊर्जापातळ्यांत पडणारं अंतर) वाढतं. पुडीत कण सगळ्या दिशांना वळलेले, त्यामुळे रेषा पसरतात. म्हणून दोन शिंपल्यांच्या रेषांची उंची कधीच थेट ताडून पाहू नका.

तिसऱ्यांची पूड ४५० अंश सेल्सिअसला तासभर तापवा. अ‍ॅरागोनाइटचं कॅल्साइट होतं आणि सुमारे ९.४ मिलीटेस्ला अंतरावर सहा रेषा उभ्या राहतात. मग सारख्या वजनाच्या पुडी घेऊन दुहेरी समाकलनाने (म्हणजे रेषांच्या उंचीने नव्हे, शोषणाच्या एकूण क्षेत्रफळाने) तुलना करा. कालवांची पूडही तशीच तापवा, नाहीतर तुलना लंगडी पडेल. फार तापवलं तर चुना होतो, रेषांमधलं अंतर ८.६ मिलीटेस्लाच्या आसपास आलं की तेच झालंय. कवचातलं सेंद्रिय द्रव्य करपलं की तिसऱ्या आणि चौथ्या रेषेच्या मधे, ३३५ मिलीटेस्लाच्या जवळ, एक जादा रेषा येते. ती मँगनीजची नाही.

जांभा४१६: १५६ मिलीटेस्ला म्हणजे जी ४.३ (जी हा रेषेची जागा सांगणारा, उपकरणाच्या वारंवारतेवर न ठरणारा आकडा), त्रिसंयुजी लोह. आधी रिकामी नळी मोजा: साध्या काचेतही हीच रेषा असते, क्वार्ट्झची नळी हवी. नळी निर्दोष निघाली तर शिंपल्याला चिकटलेली जांभ्याची माती. सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात मिनिटभर बुडवून वरचा थर उतरवा, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. रुंद उंचवट्याबद्दल माझा संशय स्टीलच्या खलावर आहे. अकीकाचा खल वापरा.

स्फटिकमित्र: आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पूड ११० अंशांना वाळवून सिलिका जेलवर ठेवा. मीठ राहिलं तर ते ओल ओढतं, आणि पाणी सूक्ष्मलहरी शोषून कॅव्हिटीचा (नमुना ठेवतात त्या पोकळीचा) क्यू, म्हणजे संवेदनशीलता, पाडतं. मॉड्युलेशन (मोजताना चुंबकीय क्षेत्राला दिलेलं छोटं हेलकावं) ०.१ मिलीटेस्लापासून सुरू करा. रेषेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गेलं की रेषा फुगतात. सूक्ष्मलहरींची शक्ती १ मिलीवॅट, मग दुप्पट करून पाहा: क्षेत्रफळ सुमारे १.४ पट वाढलं तर संपृक्तता (शक्ती जास्त होऊन रेषा दबणं) नाही.