मदत हवी आहे: ॲडेनोसिनच्या इंजेक्शनआधी चहा-कॉफीचं का विचारतात?

तळजाईवाली:

नमस्कार मंडळी. इथे कोणी डॉक्टर, फार्मसीतलं किंवा फिजिऑलॉजी शिकलेलं असेल तर प्लीज वाचा, मला खरंच समजून घ्यायचंय.

गेल्या महिन्यात आईला एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाचे ठोके अचानक खूप वाढण्याचा अटॅक आला. सकाळी तळजाई टेकडीवर फिरून आली, खाली उतरल्यावर मैत्रिणींबरोबर अमृततुल्यात चहा झाला, घरी आल्यावर पुन्हा एक कप झाला आणि पेपर घेऊन बसली तर छातीत एकदम धडधड सुरू झाली ती थांबेचना. हॉस्पिटलात नेलं तर मॉनिटरवर ठोके १८० च्या वर. आधी तिला रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं आणि लगेच आडवं करून पाय वर धरले, त्याने काही झालं नाही म्हणून ॲडेनोसिन द्यायचं ठरलं. औषध भरता भरता डॉक्टरांनी विचारलं, काकू, चहा-कॉफी किती वाजता घेतलीत? दमा आहे का? दम्याच्या गोळ्या चालू आहेत का?

चहाचा प्रश्न ऐकून मी चकितच झाले, पण तेव्हा विचारायची ती वेळ नव्हती.

मग ६ मिलिग्रॅम दिलं, फरक नाही. १२ दिलं तेव्हा आई म्हणाली की छातीवर कोणीतरी बसलंय, चेहरा लालभडक झाला, मॉनिटरवरची रेघ काही सेकंद सपाट झाली, माझ्या पायाखालची जमीनच सरकली आणि मग ठोके परत सुरू झाले ते सरळ ८५ वर. आता ती छान आहे, देवाची कृपा.

घरी येऊन वाचायला लागले तर सगळीकडे एकच लिहिलेलं की ॲडेनोसिन मेंदूत साठतं म्हणून झोप येते आणि कॉफी त्याचे रिसेप्टर (पेशीवरच्या ज्या जागांना ते चिकटतं त्या) अडवते म्हणून झोप उडते. आता माझा गोंधळ असा की हेच ॲडेनोसिन हृदय थांबवतं, चेहरा लाल करतं आणि मेंदूत झोप आणतं तर एकच वस्तू इतकी वेगवेगळी कामं कशी करते, आणि झोप आणणारं औषध शिरेतून दिलं तर आईला झोप का नाही आली, उलट ती चांगली टक्क जागी होती? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांना दमा आहे, डेरिफायलिन चालू असते, उद्या त्यांना असं काही झालं तर हे इंजेक्शन चालेल का?

औषधवाले_सर:

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मी फार्माकॉलॉजी शिकवतो, तेवढ्यापुरतं सांगतो, उपचाराचं मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

ॲडेनोसिन सगळीकडे एकच, पण ते ज्याला चिकटतं ते रिसेप्टर चार प्रकारचे असतात, ए१, ए२ए, ए२बी आणि ए३. ए१ आणि ए३ पेशीच्या आतलं सायक्लिक एएमपी (आत निरोप पोचवणारा रेणू) कमी करतात आणि दोन्ही ए२ ते वाढवतात, त्यामुळे एकच निरोप आला तरी दोन पेशी अगदी उलट वागू शकतात. कुठल्या अवयवात कुठला रिसेप्टर जास्त, यावर सगळा खेळ.

हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली करंट जातो तो एव्ही नोड नावाच्या मधल्या छोट्या गाठीतून आणि तिथे ए१ असतात. त्यांना ॲडेनोसिन चिकटलं की पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि ती इतकी शांत होते की करंट पुढे जातच नाही. एसव्हीटीत बऱ्याचदा करंट याच नोडमधून गोल गोल फिरत असतो, रस्ता दोन-चार सेकंद बंद झाला की चक्कर तुटते आणि हृदयाचा मूळचा पेसमेकर परत ताबा घेतो. तुम्ही पाहिलेली सपाट रेघ ती हीच. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांत मात्र ए२ कामाला लागतात, वाहिन्या सैल पडतात म्हणून लाली. गंमत म्हणजे किडनीत रक्त आणणारी बारीक वाहिनी ए१ मुळे उलट आकसते. हृदयावरचा हा परिणाम ड्र्युरी आणि सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञांनी १९२९ सालीच लिहून ठेवलाय, यातल्या सेंट-ज्यॉर्जींना पुढे १९३७ चं नोबेल मिळालं.

झोपेचा प्रश्न मला फार आवडला. शिरेतून दिलेलं ॲडेनोसिन रक्तात १० सेकंदसुद्धा टिकत नाही, तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर ते लगेच ओढून घेतात. मेंदूपर्यंत गेलं तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ते सहज ओलांडत नाही. झोप आणणारं ॲडेनोसिन मेंदूत तिथल्या तिथे तयार होतं, दिवसभर पेशी एटीपी, म्हणजे त्यांचं इंधन, खर्च करतात त्यातून ते हळूहळू साठतं. तिथले ए१ जागं ठेवणाऱ्या पेशींना गप्प करतात आणि ए२ए झोपेच्या बाजूने जोर लावतात. ज्या उंदरांत ए२ए नसतो त्यांना चहा-कॉफीतलं कॅफिन दिलं तरी त्यांची झोप उडत नाही, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. हेच ए२ए मेंदूत डोपामिन या हालचालींसाठी लागणाऱ्या रसायनाच्या डी२ रिसेप्टरशेजारी असतात आणि त्याच्या विरुद्ध ओढतात, म्हणून ए२ए अडवणारं इस्ट्राडेफिलिन हे औषध पार्किन्सनमध्ये वापरतात, जपानमध्ये २०१३ पासून आणि अमेरिकेत २०१९ पासून.

आता चहा. कॅफिन रिसेप्टरवर नुसतं बसून राहतं, त्याला चालू करत नाही, एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात ना तसं. मग कमी डोस आत शिरू शकत नाही आणि मोठा डोस आला की तो रुमाल बाजूला सारतो. आईंना ६ ने फरक पडला नाही त्यामागे चहा असू शकतो, पण पहिला डोस चहाशिवायही बऱ्याच जणांना पुरत नाही, त्यामुळे दोष चहाचाच असं म्हणता येणार नाही.

बाबांचं जरा गंभीरपणे घ्या. डेरिफायलिनमध्ये थिओफिलिन असतं, ते कॅफिनचंच भावंड आणि तेही हेच रिसेप्टर अडवतं. वर दम्याच्या माणसात ॲडेनोसिनने श्वासनलिका आकसू शकतात. म्हणून अशा पेशंटला डॉक्टर शक्यतो ते टाळतात आणि व्हेरापामिलसारखं दुसरं काही बघतात, तेही पेशंटची बाकीची परिस्थिती पाहूनच.

इमर्जन्सी_सिस्टर:

सरांनी छान सांगितलं. ताई, तुम्ही पाहिलं असेल की सुई कोपराजवळच्या मोठ्या शिरेत होती, औषध झटकन ढकललं, त्याच्या पाठोपाठ लगेच सलाईन आणि मग हात वर धरला. ते सगळं त्या १० सेकंदांच्या आत औषध हृदयापर्यंत पोचावं म्हणून. आणि छातीवर दडपण, आता काही खरं नाही असं वाटणं हे खूप जणांना होतं, अर्ध्या-एक मिनिटात जातं. आम्ही आधी सांगायचा प्रयत्न करतो पण घाईत राहून जातं कधी कधी.

एक काम नक्की करा. दोघांच्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून पाकिटात आणि मोबाईलमध्ये ठेवा. रक्त पातळ राहण्यासाठी कोणाला डायपायरिडामोल चालू असेल तर तेही लिहा, त्याने ॲडेनोसिन रक्तात जास्त वेळ टिकतं आणि डोस कमी करावा लागतो.

तळजाईवाली:

दोघांचेही मनापासून आभार. इतकं नीट कोणी समजावलंच नव्हतं, आईला वाचून दाखवलं तर तिला पण हायसं वाटलं कारण ती त्या सपाट रेघेचं ऐकून फार घाबरली होती. गोळ्यांची यादी आजच करते. एकच राहिलं, आईचा चहा पूर्ण बंद करू की सकाळचा एक चालेल? तिला चहा सुटला की डोकं दुखतं.

औषधवाले_सर:

डोकं दुखणं त्याच रिसेप्टरमुळे. रोज कॅफिन मिळालं की शरीर हळूहळू ॲडेनोसिनला जास्त संवेदनशील होतं, मग कॅफिन अचानक बंद झालं की ॲडेनोसिनचा जोर एकदम वाढतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. त्यामुळे कमी करायचाच झाला तर एकदम तोडू नका, अर्धा अर्धा कप कमी करत आणा. एसव्हीटी झाला म्हणून प्रत्येकाला चहा सोडावा लागतो असं नाही, पुन्हा धडधड झाली तर त्याआधी चहा झाला होता का हे लिहून ठेवा आणि ते कार्डिओलॉजिस्टना दाखवा, निर्णय त्यांना घेऊ दे.