कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, पण आता जेवायला बसायचंच टेन्शन येतं

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग ३० शेक (रेडिएशन) आणि सोबत दर आठवड्याला केमो, सगळं दिवाळीआधी संपलं. रिपोर्ट क्लिअर आहे. घरचे म्हणतात सुटलास बाबा एकदाचा, आणि मला मात्र आत्ताच जास्त जड जातंय. तेव्हा रोज कुठेतरी जायचं असायचं, सिस्टर विचारपूस करायच्या, आता एकदम कुणीच नाही. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, लाळ नाही म्हणून भाकरी उतरत नाही, ओठ बधिर असल्यामुळे आमटी हनुवटीवर ओघळली तरी कळत नाही, त्यामुळे लग्नकार्याला जाणंच बंद केलंय. पतसंस्थेत काउंटरला असतो, लोक "काय म्हणालात?" म्हणून परत परत विचारतात. फॉलोअपची तारीख जवळ आली की झोप उडते, जरा दाढ ठणकली तरी तेच डोक्यात. यातून कुणी गेलंय का?

पारावरची_वहिनी:
दादा, आमच्या ह्यांचं सेम होतं, आता चार वर्षं झाली. जेवणाचं सांगते. भाकरी गरम दुधात नाहीतर पातळ आमटीत कुस्करून भिजू द्यायची, वर तूप, आणि प्रत्येक दोन घासांनंतर पाण्याचा घोट. तिखट अजून सोसत नाही, म्हणून ह्यांची आमटी मिरची घालायच्या आधीच वाटीत काढून ठेवते. लग्नाला जायचं बंद करू नका हो. आम्ही घरून खाऊन निघतो आणि तिथे मठ्ठा नाहीतर बासुंदी घेऊन बसतो, खिशात रुमाल, आणि ओघळलं की मी हळूच माझ्या हनुवटीला हात लावते, ह्यांना कळतं. लाळ थोडी परत येते पण फार सावकाश, वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

अजून एक, फॉलोअपला जायलासुद्धा रेल्वेची सवलत मिळते, पेशंटला आणि सोबतच्या एकाला, हॉस्पिटलमधून फॉर्म भरून घ्या. आम्ही परळला टाटाला जातो तेव्हा दरवेळी घेतो.

दातवाला_डॉक्टर:
मी डेंटिस्ट आहे, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेक घेतलेल्या भागातला दात कुणाकडेही जाऊन उपटून घेऊ नका. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही आणि हाड मरू शकतं, आणि हा धोका पाच-दहा वर्षांनीही असतो. दाढ ठणकतेय म्हणालात ना, तर दाखवा, पण आधी सांगा की शेक झालेत आणि कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून मगच काय ते ठरवू द्या. लाळ नसली की दात भराभर किडतात, त्यामुळे फ्लोराइडची पेस्ट आणि दर काही महिन्यांनी तपासणी हवीच. मानेला शेक असतील तर दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करा, थायरॉइड मंदावतो आणि माणसाला वाटतं आपण उगाचच थकलोय, उदास झालोय.

कोल्हापुरी_गडी:
भावा, मी पण जिभेचा पेशंट. आमचा ग्रुप पारावर बसून माझ्यासमोरच तंबाखू मळायचा, एक दिवस स्पष्ट सांगितलं की मी असताना नको, दोघं रागावले, बाकीच्यांनी ऐकलं. बोलण्याचं म्हणशील तर स्पीच थेरपिस्टकडे जा, माझं श आणि स बरंच सुधारलं, आणि काउंटरवर सावकाश तोडून तोडून बोल. भीतीबद्दल खोटं सांगत नाही, परत उलटायची शक्यता पहिल्या दोन वर्षांत जास्त म्हणूनच ते वरचेवर बोलावतात. जखम, गाठ, रक्त असं काही दोन आठवड्यांवर टिकलं तर तारखेची वाट न बघता जायचं, एवढं ठरवल्यावर रोज आरशात बघणं माझं कमी झालं. झोपच येत नसेल तर तेही डॉक्टरला सांग, त्यावरही उपचार असतात.

कृष्णाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे, वाचताना डोळे भरून आले. दाढ उद्याच दाखवतो. वहिनी, तोंड उघडायला आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम दिला होता, तुमच्याकडे कसा करतात?

पारावरची_वहिनी:
काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतक्याच. अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, असं चार-पाचदा, आणि दिवसातून चार-पाच वेळा. सवय झाली की मध्ये एक काडी सरकवायची. कंटाळा आला तरी सोडू नका, शेक संपल्यावरही स्नायू आखडत राहतात, ह्यांनी महिनाभर सोडलं तर परत आखडलं. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवा.