चर्चा: दुचाकीचा सबफ्रेम घरी बनवावा का? (आरएक्स १००चा गंजलेला लूप आणि सीटचं माउंट)

आरएक्स_कोल्हापूर

गाडी आरएक्स १००, १९९४ची, वडिलांनी घेतलेली. गेल्या महिन्यात सीट काढली तर टेललॅम्पजवळचा पाईप आतून गंजून पत्र्यासारखा झालेला. अंगठ्याने दाबला तर खपली निघते. चेसिस नंबर पुढे स्टिअरिंग हेडवर आहे, तिथपासून शॉकअपच्या वरच्या माउंटपर्यंत सगळं ठणठणीत. माउंटच्या मागचा लूप, म्हणजे सीट आणि टेललॅम्प धरणारा वळवलेला पाईप (सबफ्रेम म्हणतात तो), मात्र गेला.

सगळ्यांचा सल्ला एकच: भंगार बाजारातून दुसरी चेसिस आण. पण ती चेसिस कुणाची, कुठे आपटलेली, काही कळत नाही. नंबर दुसरा, म्हणजे कागदांचा घोळ वेगळाच. बाबांच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा नंबर मला नको आहे.

म्हणून माझं मत सरळ मांडतो. शॉकअपच्या माउंटला आणि त्याच्या पुढच्या कशालाही हात न लावता मागचा लूप आणि सीटचं माउंट घरी बनवायला काही हरकत नाही. घाई न करता केलं तर ते गल्लीतल्या कामापेक्षा चांगलंच होतं, कारण आपल्याला त्यावर आठवडा घालवता येतो.

पाईपबद्दल एक गोष्ट, कारण इथेच सगळे चुकतात. जाड पाईप म्हणजे मजबूत, असं धरून लोक १९ मिमी व्यासाचा ३ मिमी जाडीचा पाईप आणतात. २५.४ मिमी व्यासाच्या २ मिमी पाईपचं वजन जवळपास तेवढंच भरतं, पण वाकायला तो दीडपट ताकद घेतो. ताकद व्यासात असते. आणि जीआय (जस्त चढवलेला) पाईप अजिबात नको. जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप येतो, शिवाय वेल्डमध्ये भोकं राहतात ती वेगळीच.

मापासाठी गाडी मेन स्टँडवर लेव्हल केली, अँगलचा जिग (मापं हलू नयेत म्हणून धरून ठेवणारा सांगाडा) जमिनीला बोल्ट केला, आणि जुना लूप कापायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजू जिगला बांधून घेतल्या. मध्यरेषेला दोरा, पाठीमागून ओळंबा. अजून कापलेलं नाही. कापण्याआधी विरोधातली मतं ऐकायची आहेत.

बीम_आणि_भार

विरोधातलं मत माझ्याकडून घ्या. मी यंत्र अभियंता आहे आणि तुमची तयारी बघून बरं वाटलं, म्हणूनच नीट सांगतो.

"शॉकअपच्या मागे फारसं काही नसतं" हे तुमच्या मांडणीत न बोलता धरलेलं आहे. मोनोशॉक गाडीत (मागे एकच शॉकअप) सबफ्रेमवर फक्त माणसं आणि सीट असतात, शॉकअपचा धक्का थेट मुख्य चेसिसला जातो. तुमच्या गाडीला दोन शॉकअप आहेत. चाकाचा धक्का माउंटवर खालून वर येतो आणि मागे बसलेला माणूस त्याच माउंटच्या मागे खाली दाबतो. म्हणजे वाकवणारा जोर नेमका तुम्ही कापणार तिथेच सगळ्यात जास्त.

आकडे बघा. सांध्यापासून २०० मिमी मागे ६० किलोचा माणूस बसला, खड्ड्यात भार तिप्पट झाला, आणि तुमचे २५.४ बाय २ चे दोन पाईप. ताण येतो सुमारे २२० मेगापास्कल. साधं माइल्ड स्टील २५०च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. एकदाच्या खड्ड्यात कदाचित वाचाल. पण आपले रस्ते दिवसाला शेकडो धक्के देतात, आणि वेल्डच्या कडेला तडा जायला त्याच्या अर्ध्याहून कमी ताणही पुरतो. तो तडा रंगाखाली वाढतो, दिसत नाही.

माझा विरोध घराला नाही, त्या सांध्याला आहे.

आरएक्स_कोल्हापूर

हिशोब मान्य. मग खालून तिरका आधार दिला तर? लूपच्या मध्यापासून शॉकअपच्या माउंटखालच्या पाईपपर्यंत. त्रिकोण झाला की वाकवणारा जोर ढकलण्या-ओढण्यात जाईल.

बीम_आणि_भार

त्रिकोण बरोबर आहे. पण त्या आधाराचं खालचं टोक कुठे वेल्ड करणार? ज्या भागाला हात लावणार नाही म्हणालात, त्याच भागाला.

उद्यमनगर_सीओटू

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंचवीस वर्षं वेल्डिंग करतोय, म्हणून बोलतो. वरचे साहेब म्हणतात ते खरं आहे, पण इलाज आहे.

दोन पाईप तोंडाला तोंड लावून वरून वेल्ड मारायचा नसतोच. जुन्या पाईपच्या चांगल्या भागात आतून दुसरी नळी घालायची, घट्ट, हातोडीने ठोकून बसेल अशी. ३ मिमी जाडीची, १५० मिमी लांब, सांध्याच्या अलीकडे ७५ आणि पलीकडे ७५. बाहेरच्या पाईपला दोन्हीकडे दोन-दोन भोकं पाडून तिथून आतली नळी वेल्डने पकडायची. सांधा सरळ कापायचा नाही, तिरका कापायचा, म्हणजे वेल्ड एका गोलावर न येता लांब पसरते. डावा आणि उजवा सांधा एका रेषेत ठेवायचा नाही, एक पुढे एक मागे.

आणि आतला गंज काढल्याशिवाय काही करू नका दादा. गंजावर वेल्ड धरत नाही, नुसती वर बसते. दिसायला सुंदर, एका दणक्यात सुटते. माझ्याकडे आलेल्या तुटलेल्या दहा कामांत आठ अशीच असतात: घरच्या दोनशे अँपिअरच्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर ६०१३ची अडीच मिमीची कांडी, करंट कमी ठेवलेला कारण पाईपला भोक पडायची भीती, आणि वरून ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेलं. ग्राइंडरने जे थोडंफार धरलं होतं तेही गेलं.

माझं म्हणणं असं. कापणं, वाकवणं, जिग, टॅक (जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके) सगळं घरी करा. त्यात तुमचा जीव आहे तो दिसतोय. पण शेवटची वेल्ड रोज करणाऱ्या हाताने सीओटूवर किंवा आर्गनवर (गॅसच्या आवरणातलं वेल्डिंग) मारून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

बीम_आणि_भार

आतल्या नळीचा हिशोब करून बघितला. दोन्ही पाईप एकत्र काम करतात असं धरलं तर सांध्यावरचा ताण २२०वरून १३०च्या खाली येतो, आणि नळी मागे जिथे संपते तिथे १४०च्या आत राहतो. मोठा फरक आहे, मान्य करतो. पण "एकत्र काम करतात" हे गृहीतक वेल्डरच्या हातावर उभं आहे. म्हणून शेवटच्या वेल्डबद्दल वरच्यांशी शंभर टक्के सहमत.

एफझी_नाशिक

मी घरीच केलं, शेवटची वेल्डसुद्धा. मोनोशॉक गाडी, चार वर्षं झाली. बाहेर दिलेलं पहिलं काम (एका गॅरेजने केलेलं, नाव घेत नाही) आठ महिन्यांत टॅकवरून सुटलं होतं, कारण त्यांनी फुल वेल्ड मारलीच नव्हती, वर पुट्टी भरली होती. पैसे देऊनही तपासायला कुणी दिलं नाही. घरी केलं तेव्हा प्रत्येक सांधा मी डाय पेनिट्रंटने बघितला: क्लीनर, लाल डाय, मग पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर लाल रेघ वर येते.

रोज वेल्ड करणारा हात चांगला, पण तो हात घाईत असतो. माझा हात नवखा होता, पण मी भंगार पाईपचे चाळीस सांधे मारले, व्हाइसमध्ये धरून पाइपने वाकवून तोडले, आतून बघितले, आणि मगच गाडीला लावले.

उद्यमनगर_सीओटू

चाळीस सांधे तोडून बघितलेत तर तुमच्याशी वाद नाही. पण डायने फक्त वर उघडलेला तडा कळतो. आत धरलंच नसेल तर लाल रेघ येत नाही. ते तोडून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि गाडीवरचा सांधा तोडता येत नाही.

मागच्या_सीटवरून

इतका वेळ वाचतेय. सगळा हिशोब "६० किलोचा माणूस" म्हणून चाललाय. तो माणूस मी आहे.

माझ्या दिरांनी गाडीला सपाट सीट केली. दिसायला छान. मागे पकडायला काही नाही, साडी गार्ड काढून टाकलेलं, फूटरेस्ट इतका वर घेतला की गुडघे छातीला लागतात. एकदा स्पीडब्रेकरला मी सरकत मागे गेले आणि टेललॅम्पवर टेकले. पडले नाही हे नशीब. तेव्हापासून बसत नाही त्या गाडीवर.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३मध्ये, हे लिहिलेलंच आहे: मागे बसणाऱ्यासाठी पक्की पकड, फूटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, कपडे अडकू नयेत म्हणून. कॅफे रेसर (जुन्या रेसिंग गाडीसारखं रूप) करताना सगळ्यात आधी याच तीन गोष्टी उडतात. पाईपची जाडी मोजणाऱ्यांनी पकड कुठे बसवणार तेही सांगावं.

कलम_५२

ताईंनी नियम काढलाच आहे तर पुढचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं, नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्यामुळे आरएक्सवाल्यांना माझा प्रश्न असा: गंजलेला लूप मूळ आकारात परत बनवणार, की आकार बदलणार? पहिली दुरुस्ती आहे असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. दुसऱ्यात सीट एकट्याची केली आणि आरसीवर बसण्याची क्षमता दोन असेल, तर रस्त्यावर काय सांगणार? अपघातानंतर विमा कंपनीला काय सांगणार?

एफझी_नाशिक

कायद्याचा धाक दाखवून लोकांना हाताने काम करण्यापासून तोडू नका एवढंच म्हणणं आहे. रस्त्यावर सायलेंसर फोडून फिरणारे मोकळे, आणि गंजलेला पाईप बदलणारा गुन्हेगार?

कलम_५२

गुन्हेगार कुणालाच म्हटलं नाही. आकार मूळ ठेवा, फोटो काढा, पाईपचं बिल जपा. हाताने काम करण्याच्या मी विरोधात नाही.

आरएक्स_कोल्हापूर

दोन दिवस विचार केला. सपाट छोटी सीट करायची होती हे खरं आहे, वर लिहिलं नव्हतं. ती सोडून दिली. लूप मूळ मापाचाच, दोघांची सीट, मागची पकड आणि साडी गार्ड मूळ जागी. आईला अंबाबाईच्या देवळात याच गाडीवर नेतो, ती एका बाजूला पाय टाकून बसते. ताईंचं वाचल्यावर तेच आधी डोळ्यासमोर आलं.

तिरका आधार रद्द, आतली १५० मिमीची नळी पक्की. पण वेल्डबद्दल मी अजून एफझीवाल्यांच्या बाजूचा आहे. शिकायचं असेल तर कधीतरी शेवटची वेल्डसुद्धा आपल्या हातून व्हायला हवी.

उद्यमनगर_सीओटू

व्हायला हवी, पण आई बसते त्या गाडीवर पहिली नको. शनिवारी दुकान मोकळं असतं. जिगसकट गाडी आणा. बॅटरी आणि सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून आणा, वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून गेला की सीडीआय जातो. आणि येण्याआधी शॉकअपच्या स्प्रिंगा काढून मागचं चाक हाताने पूर्ण वर उचलून बघा, टायर आणि मडगार्डमध्ये किती जागा राहते ते. लूप ५ मिमी जरी खाली बसला तरी टायर घासतो, आणि ते वेल्ड झाल्यावर कळून उपयोग नाही.

आरएक्स_कोल्हापूर

आज रात्री स्प्रिंगा काढतो. माप इथेच टाकतो.