मदत हवी आहे: चिपेंडेलच्या पुस्तकावरून खुर्ची करतोय, पण बाजूचं चित्रच नाही!

मंडळी नमस्कार,

लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमधल्या थॉमस चिपेंडेल या फर्निचर कारागिराने १७५४ मध्ये आपल्या फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं, सगळे त्याला 'डायरेक्टर' म्हणतात. माझ्याकडे १७६२ च्या तिसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे, २०० चित्रांचं. त्यातली जाळीदार पाठीची एक खुर्ची करायला घेतली आहे. लाकूड पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं, म्हणजे जुना सागवान. मूळ खुर्च्या महोगनीच्या, ते मला परवडणारं नाही.

पुस्तक सुरू होतं ते स्थापत्याच्या पाच स्तंभशैलींपासून, मग पर्स्पेक्टिव्ह. सांधे कसे करायचे यावर मात्र काही नाही. वाचणाऱ्या सुताराला ते येतच असणार, हे गृहीतच! आणि पुस्तकाचा अर्धा गिऱ्हाईक तर ऑर्डर देणारा उमराव. एकाच खुर्चीचे पुढचे दोन पायही वेगवेगळे काढलेत, आवडेल तो घ्या म्हणून. इथवर ठीक आहे, मी सरळ चौकोनी पाय घेतला.

बैठक पुढे २२ इंच रुंद आणि १७ इंच उंच, ही मापं पुस्तकातली. मागची रुंदी आणि खोली मी १७-१७ धरली आहे. आता अडलंय ते असं:

चित्र समोरून आहे, त्यामुळे मागचे पाय मागे किती झुकतात ते कळत नाही. दुसरं, पाठीच्या जाळीत रिबनसारखी वळणं आहेत. लाकडाच्या रेषा उभ्या ठेवल्या तरी आडव्या वळणांवर लाकूड तुटणारच ना? की प्लाय आत घालू? (शिव्या घालू नका.) तिसरं, जुन्या सागाला फेविकॉल नीट धरत नाही असं आमचे मिस्त्री म्हणतात.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

प्लाय नको हो! त्या काळची जाळी अखंड फळीचीच असते. जाडी साधारण अर्धा इंच ठेवा आणि मागच्या बाजूने कडा पटाशीने तिरप्या उतरवा. समोरून नाजूक दिसते, आत मांस राहतं. तुमच्या नमुन्यात रिबन फारच मोकळी फिरत असेल तर दोन वळणं जिथे जवळ येतात तिथे ती चिकटलेली ठेवा.

एक गोष्ट चित्रात दिसते पण लक्षात येत नाही. जाळीच्या खाली, बैठकीच्या मागच्या पट्टीवर एक गोलाईदार तुकडा असतो. तो स्वतंत्र असतो, पट्टीवर चिकटवलेला. जाळीचं खालचं टोक त्यातल्या खाचेत नुसतं बसवायचं, डिंक लावायचा नाही. पावसाळ्यात फळी फुगली की तिला हलायला जागा हवी, नाहीतर उन्हाळ्यात चीर पडलीच समजा.

मागचे पाय रुंद फळीतून वळणाच्या आकारात करवतीने कापतात, वाकवत नाहीत. दोन पाय एकात एक घुसवून आखा, लाकूड वाचेल. बैठकीच्या पट्ट्या जिथे येतात तेवढा भाग सरळ ठेवा, वळण त्याच्या वर आणि खाली. झुकावासाठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर त्या काळच्या खुर्च्या पाहा, तिथे खुर्चीच्या पुढून मागपर्यंतच्या खोलीचं माप दिलेलं असतं. त्यातून बैठकीची खोली वजा केली की अंदाज येतो. तुमच्या मापांनी बाजूच्या पट्ट्या सुमारे साडेआठ अंशात तिरक्या येतील, तेव्हा कुसू (सांध्यात खाचेत बसणारं टोक) आधी टाकाऊ लाकडात करून बघा.

दुसरा प्रतिसाद:

मिस्त्री बरोबर बोलतायत, साग तेलकट असतो. सांधा ताजा रंधून, अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवा. आणि वाड्याचं लाकूड म्हणजे आत खिळे असणारच, रंधा लावण्याआधी चुंबक फिरवा. पॉलिश चपडीचंच (लाखेचं) करणार ना?

धागाकर्ता:

हो, चपडीच. तो खालचा वेगळा तुकडा मी मागच्या पट्टीतच कोरणार होतो, वाचलो! झुकाव काढून फुल साइझ आखणी इथे टाकतो, मग पुन्हा बघा.